येते म्हणावं

५ जुलै

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. खरंच वाकले, आई विचारत होती टेबलाखाली काय पडलंय म्हणून.

फोनवर तू आईशीच बोलतोस आणि माझ्या वाट्याला ‘अभ्यास कसा चाललाय’ एवढंच येतं, म्हणून हे पत्र. बातमी अशी की तुझी ठकू शाळेच्या सेवा मंडळाची अध्यक्ष झाली. हात वर करून मतदान झालं आणि पावटा हरला. पावटा म्हणजे आमच्या वर्गातला तो बुटका, सगळ्या बाबतीत पुढे पुढे करणारा मुलगा. आता तो उपाध्यक्ष आहे आणि माझ्याशी बोलत नाही. त्यामुळे कामं भराभर होतात.

यंदा आम्ही वृद्धाश्रम घेतला आहे. शाळेच्या मागच्या रस्त्यानं सरळ गेलं की पिवळी इमारत लागते, फाटकाच्या आत एक सिमेंटचा बाक आहे, तीच. शनिवारी दुपारी जायचं, पेपर वाचून दाखवायचा, नखं कापायची, कॅरम खेळायचा. तिथल्या मेट्रनबाई म्हणतात, एका वेळी सात-आठच मुलं आणा, गलका नको. इकडे मंडळात पन्नासेक मुलं, आणि सेवेचे तास कार्डावर भरले नाहीत तर वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून मधल्या सुट्टीत सगळे माझ्या डोक्यावर बसलेले असतात. तू आता लिफ्ट दुरुस्तीवाल्यांचा साहेब झालास ना? मग सांग, माणसं कशी वाटायची?

आई विचारते कधी येतोस. कॉट रिकामीच आहे असं लिही म्हणाली. रिकामी कसली, तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो. पण तू येणार म्हटलं की आई तो उचलते.

तुझी,
ठकू (अध्यक्ष)

१६ जुलै

अध्यक्षबाई,

अनेक आशीर्वाद. घराण्यात कुणीतरी वर गेलं म्हणायचं. मी रोज वर जातो, पण संध्याकाळी खालीच येतो.

साहेब कसला, माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत आणि नऊही माझ्याहून शहाणी. पण वाटणीचं विचारलंस ते बरोबर माणसाला विचारलंस. पाळ्या लाव. दर शनिवारी नवी तुकडी. आमच्याकडे एकच माणूस एका इमारतीला चिकटला की तिथले लोक त्याच्याच गळ्यात पडतात. मग तो आजारी पडला की बोंबाबोंब. म्हणून मी दर आठवड्याला माणसं फिरवतो. सगळ्यांना सगळं काम येतं आणि कुणाचं कुणावाचून अडत नाही.

पावट्याला फार डिवचू नकोस. हरलेली माणसं पुढे कामाला येतात, हे मी अनुभवानं सांगतो, कारण मी बऱ्याच वेळा हरलोय.

ताईला सांग, पुढच्या महिन्यात नक्की येतो.

मामा

१ सप्टेंबर

प्रिय मामा,

मागचा महिना आला आणि गेला, तू काही आला नाहीस. आईनं उचललेला ढीग परत कॉटवर गेला. असो. मोठी माणसं कामात असतात.

तुझ्या पाळ्या मात्र जोरात चालल्या आहेत. दर शनिवारी नवे आठ जण. कुणाची तक्रार नाही, कार्डं भरतायत, मंडळाच्या बाई खूश. फक्त मी दर वेळी जाते, अध्यक्ष म्हणून. पण मी वह्या आणि चपला सांभाळत बाहेरच्या खोलीतच असते, आत बसायला फारसं मिळत नाही.

एक गंमत सांगते. पहिल्याच शनिवारी निघताना पावटा एका आजोबांना म्हणाला, “जातो आता.” आजोबांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “जाण्याच्या गोष्टी आम्ही करायच्या. तू कशाला?” पावट्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग मी मंडळात नियमच केला. तसंच उठून यायचं नाही. प्रत्येकानं प्रत्येकाजवळ जायचं, हात हातात घ्यायचा आणि येतो किंवा येते म्हणायचं. बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला सांगितलं. नेतृत्व म्हणजे अशा बारीक गोष्टी सुचणं, असं म्हणाल्या. मी मान खाली घालून उभी होते, पण आतून फुगले होते, तुला खोटं कशाला सांगू.

तिथे एक टेलर आजी आहेत. निळा स्वेटर कायम अंगात. आयुष्यभर बायकांचे कपडे शिवले. आता त्यांना काही आठवत नाही, सकाळी काय खाल्लं ते दुपारी ठाऊक नसतं, पण कुणीही समोर आलं की विती टाकून माप घेतात. माझी बाही मापून म्हणाल्या, “आखूड झाली. घालून बघायला ये हं.” मी म्हटलं, येते. आमची सगळी मुलं त्यांच्याकडे माप देऊन आली आहेत.

तुझी,
ठकू

१२ सप्टेंबर

अध्यक्षबाई,

दवाखान्याच्या लिफ्टचे दोर बदलायचे निघाले आणि माझी रजा त्या दोरांबरोबर वर गेली. ताईला नीट समजावून सांग. तिला मी सांगितलं की ती ‘बरं’ म्हणते, आणि तिचं ‘बरं’ मला ऐकवत नाही.

तुझ्या टेलर आजींचं वाचून हसलो. आयुष्यभर त्या बाईंनी गिऱ्हाइकांना ‘उद्या या’ म्हणून हेलपाटे घालायला लावले असतील. आता गिऱ्हाइकं त्यांना हेलपाटे घालतायत. फिट्टंफाट झाली.

नियम छान केलास. माझ्या माणसांना सांगायला हवा, ती तर निरोप न घेताच पळतात.

पुढच्या महिन्यात येतो.

मामा

२२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

बरेच दिवस लिहिलं नाही. आधी परीक्षा होती आणि मग सगळं बदललं.

दुसऱ्या सत्रात आम्ही वृद्धाश्रम सोडला. आंतरशालेय सेवा स्पर्धेची फिरती ढाल असते. तिच्यासाठी जितक्या वेगवेगळ्या संस्थांत काम कराल तितके गुण. आमच्या शाळेला ती कधीच मिळालेली नाही. बाईंनी मला विचारलं, अध्यक्ष म्हणून तुझं काय मत? मी म्हटलं, नवीन काम घेऊ. आता आम्ही नगरपालिकेच्या रोपवाटिकेत माती भरायला जातो. सगळ्यांना ते जास्त आवडतं. हात मळतात आणि म्हाताऱ्यांचा वास येत नाही, असं एक जण म्हणाला. मी त्याला रागावले नाही.

आश्रमात आमचा कॅरम राहिला होता. तो आणायला मी बुधवारी शाळा सुटल्यावर गेले. टेलर आजी फाटकाजवळच्या बाकावर बसल्या होत्या, स्वेटरवर शाल, आणि शेजारी जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. दुपारचं ताट, मामा, आणि चार वाजून गेले होते.

मेट्रनबाईंनी सांगितलं की आम्ही यायचं बंद झाल्यापासून त्या रोज सकाळी येऊन तिथे बसतात. जेवायला आत चला म्हटलं की म्हणतात, मुलं यायचीत, सगळी येते म्हणून गेलीत, येऊन परत गेली तर? एकदा दार लावून घेतलं तर दारावर थापा मारत राहिल्या, म्हणून उघडलं. आता सकाळी धुकं असतं. खोकला झालाय. डॉक्टर म्हणाले गारठ्यात बसू देऊ नका. पण उचलून आणलं तरी पाठ वळली की पुन्हा बाकावर.

मेट्रनबाई रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “तुम्ही इतक्या जणांनी कशाला सांगितलंत गं?”

मी कॅरम न घेताच परत आले.

ठकू

३० नोव्हेंबर

ठकू,

पत्र वाचलं. इतकं मनाला लावून घेऊ नकोस. तुम्ही मुलांनी वाईट काही केलं नाही, चार शनिवार गोडच घालवलेत.

आणि तू अध्यक्ष आहेस की नाही? मंडळ परत ने. ढालीचं काय घेऊन बसलात, ती फिरतीच असते, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाणार. बाईंशी बोल. मुलांची सभा घे. मुलं गेली, बसली, घासभर भरवलं की आजी आत येतील. चुटकीसरशी सुटणारा प्रश्न आहे.

मामा

१५ डिसेंबर

प्रिय मामा,

चुटकी वाजवून पाहिली.

आधी बाईंकडे गेले. बाई वाईट नाहीत, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण म्हणाल्या, एक संस्था एकदाच धरतात, मुख्याध्यापकांची सही झाली आहे, आणि वार्षिक परीक्षा तोंडावर असताना पालक दोन दोन ठिकाणी मुलांना पाठवणार नाहीत. मग म्हणाल्या, भावनेच्या भरात नेतृत्व करायचं नसतं. बारीक गोष्टी सुचण्याचं मात्र विसरल्या.

मग सभा घेतली. सगळं सांगितलं. सगळ्यांना वाईट वाटलं, दोघी तर रडल्याच. मी विचारलं, शनिवारी कोण येणार? तास कार्डावर धरणार का, असं मागून कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, नाही. मग कुणाची शिकवणी निघाली, कुणाचा दातांचा डॉक्टर. शेवटी एकच हात वर राहिला, तो पावट्याचा. हरलेल्या माणसांबद्दल तू बरोबर लिहिलं होतंस.

आम्ही दोघं गेलो. शाळेची चिठ्ठी असल्याशिवाय आत सोडता येत नाही, पण बाकापर्यंत जा, असं मेट्रनबाई म्हणाल्या. आजी आणखी बारीक झाल्या आहेत. मी वाकून म्हटलं, आजी, आलो आम्ही. त्यांनी विचारलं, “कुणाकडे आलात?”

“तुमच्याकडे.”

“मला आत्ता सवड नाही रे बाळांनो. मुलं यायचीत.”

पावट्यानं सांगितलं, आजी, आम्हीच ती मुलं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, वेड्या मुलाची समजूत काढतात तसं. आणि म्हणाल्या, “नाही हो. ती पुष्कळ होती.”

आम्ही पाळ्या लावल्या होत्या, मामा. एकही चेहरा त्यांच्यासमोर लागोपाठ दोन शनिवार आला नाही. मी दर शनिवारी तिथे होते, तीसुद्धा चपला सांभाळत. आता आम्ही गेलो तरी आम्ही ती नाही. आणि न जाऊनही चालत नाही. ताट उघडून पावट्यानं एक घास पुढे केला, तर त्यांनी तोंड फिरवलं, म्हणाल्या, आधी पाहुण्यांचं होऊ दे.

परत येताना चौकात पावटा म्हणाला, मी ‘जातो’ म्हटलं होतं तेच बरं होतं.

ठकू

२४ डिसेंबर

ठकू,

पाळ्यांची अक्कल मी दिली होती. कुणाचं कुणावाचून अडत नाही, हेही मीच लिहिलं होतं. तुझं पत्र आल्यापासून ते वाक्य मला दातात अडकल्यासारखं सलतंय.

माझ्या कामातलं एक सांगतो, त्याचा उपयोग झाला तर बघ. लिफ्टमध्ये माणूस अडकला की बाहेरचे सगळे ओरडतात, घाबरू नका, आत्ता काढतो. मी माझ्या माणसांना तसं बोलू देत नाही. आत्ता म्हटलं की आतला माणूस दाराला चिकटून उभा राहतो, आणि आत्ता होत नाही. मग तो दारावर लाथा मारतो. त्यापेक्षा खरं सांगायचं. वेळ लागेल, खाली बसा. ऐकून वाईट वाटतं, पण माणूस बसतो.

तू एकदाच जा आणि आजींना स्पष्ट सांग की ती मुलं येणार नाहीत. रडतील. रडू दे. पण मग आत जातील. आणि निघताना येते म्हणू नकोस. कानाला वाईट लागेल, तरी जाते म्हण. त्या एका शब्दावर सगळं अडलंय असं मला वाटतं.

माझ्या रजेचा अर्ज गेला आहे. जानेवारीअखेर येतो, ताईला सांग.

मामा

११ जानेवारी

प्रिय मामा,

ढाल आपल्या शाळेला मिळाली. काल समारंभ झाला. मला स्टेजवर बोलावलं, फोटो काढले, ढाल इतकी जड होती की पावट्यानं एका बाजूनं धरली. पाहुण्यांनी विचारलं, सेवेतून काय शिकलीस? मी ‘शिस्त’ म्हटलं. टाळ्या पडल्या.

तिथून मी तशीच गणवेशात आश्रमात गेले. मेट्रनबाईंना काय करणार आहे ते आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, करून बघ, आमचं तर काही चालत नाही.

मी आजींच्या शेजारी बसले. खोकल्यानं त्यांचं सगळं अंग हलत होतं. त्यांनी न विचारता माझा हात घेतला, बाहीवर वीत टाकली आणि म्हणाल्या, आखूड झाली. मग कापड बोटांत चोळून म्हणाल्या, त्या मुलांचंही असंच कापड होतं. ओळखीची असतील तर सांग त्यांना. घाई नाही म्हणावं, मी आहे इथे.

माझा निरोप माझ्याजवळच दिला, मामा. त्या क्षणी मला पळून जावंसं वाटलं. पण तू लिहिलं होतंस म्हणून बसून राहिले. मी सांगितलं, आजी, ती मुलं आता येणार नाहीत. त्यांचं काम दुसरीकडे गेलं. मीच नेलं.

त्या रडल्या नाहीत. सगळं नीट ऐकलं, मान हलवली आणि म्हणाल्या, असं होय. मग शाल गोळा केली आणि उठल्या. मी हात दिला, तो धरून एकेक पाऊल टाकत पायऱ्यांपर्यंत आल्या. दारात मेट्रनबाई उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले, सुटका झाल्यासारखे. मलाही इतकं हलकं वाटलं की काय सांगू. तुला लिहायचं पत्र मी मनातल्या मनात सुरूही केलं होतं.

आजी पायरी चढल्या. मी खालीच थांबले आणि ठरवल्याप्रमाणे म्हटलं, “जाते, आजी.”

त्या वळल्या.

“जाते म्हणू नये, पोरी. येते म्हणावं.”

त्यांनी माझा हात सोडला नव्हता. आम्हीच शिकवलं होतं ना सगळ्यांना, हात हातात घ्यायचा म्हणून. मेट्रनबाईंनी मान हलवली, नको म्हणून. मी ओठ आवळून उभी राहिले. आजी वाट बघत होत्या, लहान मुलाला पाढा म्हणायला लावतात तशा.

“म्हण,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, “येते.”

त्यांचं समाधान झालं. त्यांनी हात सोडला, पायरी उतरल्या, आणि जाऊन बाकावर बसल्या. फाटकाकडे तोंड करून.

मेट्रनबाईंनी मला सांगितलं की आता पुन्हा येऊ नकोस. त्यांचं बरोबर आहे. मला एवढंच कळत नाही की दुसरं काय म्हणायला हवं होतं. तुला कळलं तर लिही.

आईनं कॉट मोकळी केली आहे. गादी उन्हात घातली, उशीला नवा अभ्रा शिवला. मी विचारलं, कशावरून येणार? ती म्हणाली, येतो म्हणालाय ना.

ठकू

२३ जानेवारी

ठकू,

तू विचारलंस त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. मी शोधलं. दोन इमारतींच्या मधल्या जिन्यात बसून डबा खाताना शोधलं, माझ्या हाताखालच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं. तोही नुसता म्हणाला, बरोबर आहे की बाईंचं, जाते म्हणू नये.

आजींचा खोकला कसा आहे ते मेट्रनबाईंना फोन करून विचार. तेवढं तर करता येईल. आणि कळवायला काही चांगलं नसलं तरी मला कळव.

आता दुसरं. माझी रजा नामंजूर झाली. यंदा जमत नाही, आणि पुढच्या वर्षी माझी बदली आणखी लांब होईल असं चिन्ह आहे. हे मला केव्हापासून माहीत होतं ते विचारू नकोस. अडकलेल्या माणसाला खोटी वेळ सांगू नये, हे मीच तुला लिहिलं, आणि तू पोर असून ते करायला गेलीस. म्हणून काल मी ताईला फोन लावला, स्पष्ट सांगायचं ठरवून. ती उशीच्या अभ्र्याचं सांगत होती, निळी किनार लावली म्हणाली. मी म्हटलं, ताई, ऐक ना. ती म्हणाली, बोल. मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

हे सगळं तुझ्यासाठी आहे. ती विचारेल, मामानं काय लिहिलंय. तेव्हा तिला खालची ओळ तेवढी वाचून दाखव.

येतो.

मामा